‘छुइमसे’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका

गेल्या वसंतात दक्षिण कोरियाच्या जॉल्ला भागातील नामवॉन या गावी मी पान्सोरी ऐकली आणि त्यावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिला. एक गायक, एक ढोल वाजवणारा, खाली चटई आणि गायकाच्या हाती पंखा, एवढ्याच सामग्रीवर तासन्‌तास चालणारे हे कथागायन आहे. पूर्वीच्या बारा कथांपैकी पाच आज गायल्या जातात. २००३ साली युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या मौखिक वारशात मानाचे स्थान दिले.

लेखात मी लिहिले होते, ‘श्रोते मधूनमधून छुइमसे देत होते.’ छुइमसे म्हणजे गाणे चालू असताना मधल्या जागांत घातलेले छोटे उद्गार. संपादकांनी ते बदलून ‘दाद देत होते’ असे केले. हा बदल मला पटलेला नाही, पण त्याऐवजी कोणता शब्द वापरावा हेही सुचत नाही.

प्रसंग ‘शिमछॉंगगा’ या कथेतला होता. आंधळ्या बापाला दृष्टी यावी म्हणून मंदिराला तीनशे पोती तांदूळ अर्पण करायचे असतात आणि त्यासाठी मुलगी स्वतःला खलाशांना विकते. ते तिला समुद्राला बळी देतात. ती वाचते, राणी होते आणि बापाचा शोध लागावा म्हणून देशभरातल्या आंधळ्यांना मेजवानीला बोलावते. बाप तिचा आवाज ओळखतो, त्या ठिकाणी गायिकेने पंखा मिटून छातीशी धरला आणि वादकाने काठी उचलली, पण ढोलावर मारली नाही. त्या रिकाम्या जागेत माझ्या शेजारच्या आजींनी अगदी हलक्या आवाजात ‘जोथा’ म्हटले. ‘जोथा’ म्हणजे ‘छान’. त्यानंतरच काठी पडली आणि गाणे पुढे गेले. मीही धीर करून ‘ऑल्सिगु’ हा तसाच आनंदाचा उद्गार काढला, पण मला एका मात्रेचा उशीर झाला आणि माझा आवाज गायिकेच्या शब्दांवर पडला. आजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला, तसाच राहू दिला आणि पुढची जागा आली तेव्हा तो दाबला. त्या वेळी मी बरोबर जागी बोलले.

आजी गायिकेचे कौतुक करत होत्या असे मला वाटले नाही. त्या गाण्यातला आपला वाटा उचलत होत्या. याला दाद म्हणावे, साथ म्हणावे, की आणखी काही?

नागपूरचा वकील

‘दाद’ हा शब्द मी रोज वापरतो, पण वेगळ्या अर्थाने. फारसीत दाद म्हणजे न्याय, आणि ‘न्यायालयात दाद मागणे’ या प्रयोगात मराठीने तो अर्थ जसाच्या तसा सांभाळला आहे. मैफलीत दाद देणारा माणूससुद्धा मुळात निवाडाच देतो, कारण त्याच्यासमोर काम मांडलेले असते आणि तो ते चांगले ठरवतो. आपल्या आजी निवाडा देत नव्हत्या, त्यामुळे संपादकांचा बदल अर्थाच्या दृष्टीने चुकला आहे.

मिरजेची श्रोती

व्युत्पत्ती खरी असली, तरी शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मदाखल्यावरून ठरवायचा नसतो. माझ्या वडिलांनी मला लहानपणी मैफलीत मांडीवर हात ठेवून समेची वाट पाहायला शिकवले. समेवर निघालेला ‘आहा’ आणि सम गेल्यावर निघालेला ‘आहा’ यांत किती अंतर असते, हे गायकाच्या चेहऱ्यावर दिसते. दाद वेळेवर दिली तर गायक पुढची जागा वेगळी घेतो, आणि ती चुकली तर त्याचा विचार तुटतो. अनुवादिकाताईंच्या मनगटावर ठेवलेला हात आणि माझ्या मांडीवरचा हात ही एकच शिकवण आहे. तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे, असे आपल्याकडे म्हणतात ते यासाठीच. मी ‘दाद’च ठेवीन.

सोलवासी

मी अकरा वर्षे सोलमध्ये राहतो आणि सोछो भागातल्या राष्ट्रीय गुगाक (म्हणजे पारंपरिक संगीत) केंद्रात पान्सोरी ऐकायला जातो. ‘कानसेन’ शब्द वाचून मला फार आनंद झाला, कारण कोरियन भाषेत अगदी तोच शब्द आहे. ‘ग्वी’ म्हणजे कान आणि ‘म्यॉंगछांग’ म्हणजे थोर गायक. ज्याला स्वतः गाता येत नाही पण गाणे पारखता येते, त्याला ‘ग्वी-म्यॉंगछांग’ म्हणतात.

तरीही ‘दाद’ पुरत नाही, असे माझे मत आहे. छुइमसे फक्त श्रोते देत नाहीत. ढोल वाजवणारा, म्हणजे गोसू, त्यांच्याही आधी देतो, आणि ते त्याच्या कामाचाच भाग असते. पुक नावाच्या त्या ढोलावर डावा तळवा आणि उजव्या हातातली काठी चालत असताना तो तोंडाने ‘ऑल्सिगु’, ‘जोथा’, ‘जाल्हांदा’ म्हणत राहतो, गायिका दमली असेल तर तिला उभारी देतो आणि कथेत दुसरे पात्र बोलते आहे असे वाटेल तिथे उत्तरही देतो. ‘आधी गोसू, मग गायक’ अशी तिथली म्हणच आहे. तबलजी गायकाला दाद देतो हे समजण्यासारखे आहे, पण दाद देणे हे त्याचे काम आहे असे आपण म्हणत नाही.

शब्दाची घडण अशी सांगतात की ‘छु’ म्हणजे वर उचलणे, वाखाणून चढवणे, आणि शेवटचा ‘से’ प्रत्यय रीत दाखवतो. त्यामुळे छुइमसे म्हणजे उचलून धरण्याची रीत.

स्वभाषाप्रेमी

फारसी ‘दाद’ आणि कोरियन ‘छुइमसे’ या दोन्हींशिवाय मराठीचे अडत नाही. धातूचा अर्थ उचलणे असा असेल, तर ‘उत्थापनोद्गार’ हा शब्द नेमका बसतो. नवा शब्द कानाला खटकतो म्हणून तो टाळू नये. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हेही एके काळी नवेच होते, आणि आज ते कोणाला परके वाटत नाहीत.

शाहिराचा नातू, कोल्हापूर

स्वभाषाप्रेमी यांची कळकळ मला मान्य आहे, पण ‘उत्थापनोद्गार’ उच्चारायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात ती रिकामी जागा निघून जाते. जो शब्द दोन मात्रांत मावणाऱ्या उद्गाराचे नाव होणार आहे, तो स्वतः जडशीळ असू नये. ‘उचलणे’वरून ‘उचल’ करावी असे कोणी सुचवील म्हणून आधीच सांगतो की आमच्याकडे उचल म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराने मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, आणि तो अर्थ इतका जड आहे की दुसरा अर्थ तिथे उभा राहणार नाही.

माझे आजोबा पोवाडा गात. त्यांच्या मागे उभे असलेले झीलकरी प्रत्येक चौकाच्या शेवटी ‘जी जी रं जी’ म्हणून त्यांचा स्वर उचलून धरत आणि तेवढ्यात आजोबा श्वास घेत. गोसूचे काम मला या झीलकऱ्यांच्या जवळचे वाटते. मात्र झीलकरी फडातले असतात आणि झील ठरलेली असते. श्रोत्याने ऐन वेळी घातलेल्या शब्दाला झील म्हणता येणार नाही.

श्रोत्यापुरते म्हणाल, तर ‘हुंकार’ आहे. आजी रात्री गोष्ट सांगायची, तेव्हा आम्ही ‘हूं’ म्हणायचे थांबलो की ती गोष्ट थांबवायची. अंधारात तिला आमचे चेहरे दिसत नसत, त्यामुळे आमच्या हुंकारावर गोष्ट चालत असे. ती काही आमच्याकडून दाद मागत नव्हती.

अनुवादिका

‘हुंकार’ मनाला लागला. अडचण अशी की हुंकारात होकार आहे, पण उल्हास नाही. ‘ऑल्सिगु’ ऐकताना माणसाचे खांदे हलतात.

मिरजेची श्रोती

आणि दादेत होकारही आहे आणि उल्हासही. म्हणून मी माझ्या जागी ठाम आहे.

फोंडेकर

मला या चर्चेत मूळ शब्दच खुणावतो आहे. ‘पान्सोरी’तील ‘सोरी’ म्हणजे आवाज किंवा गाणे असे वाचले होते, पण ‘पान’ म्हणजे काय?

सोलवासी

लोक ज्यासाठी जमतात ती जागा आणि तिथे रंगलेला प्रकार, दोन्हींना ‘पान’ म्हणतात. कुस्तीची जागा म्हणजे ‘शिरुमपान’ आणि देवऋषिणीच्या विधीची जागा म्हणजे ‘गुतपान’. खेळाच्या एका फेरीलाही ‘पान’ म्हणतात.

शाहिराचा नातू, कोल्हापूर

मग तो सरळ ‘फड’ आहे. तमाशाचा फड, कुस्त्यांचा फड, उसाचा फड. फडात जागा आली, माणसे आली आणि चाललेले कामही आले. राजस्थानात चित्रे रंगवलेल्या कापडासमोर कथा गातात, त्या कापडालाही ‘फड’ म्हणतात. दोन्ही शब्द मुळात एकच असावेत असे मला फार दिवसांपासून वाटते.

नागपूरचा वकील

तो केवळ उच्चाराचा सारखेपणा असू शकतो. राजस्थानी फड हे गुंडाळून नेता येणारे कापड आहे, तर आपल्या फडाला जमीन लागते. पुरावा नसताना नाते जोडू नये.

फोंडेकर

‘फड’पेक्षा आमचा ‘मांड’ अधिक जवळचा आहे. गोव्यात प्रत्येक वाड्यावर शिगमो (आपला शिमगा) आणि धालो (बायकांची गाणी-नाच) ज्या मोकळ्या जागेत होतात, ती जागा म्हणजे मांड. ती पवित्र मानतात. गुतपान विधीची जागा असेल, तर ‘आखाडा’ किंवा ‘फड’ यांपेक्षा ‘मांड’च शोभेल.

सोलवासी

आणि ‘पान’ म्हणजे खेळाची फेरी घेतली, तर मराठीत ‘डाव’ येतो, आणि डाव आपण मांडतोच. ‘मांड’ आणि ‘मांडणे’ यांचे नाते असेल, तर हे फारच सुंदर जुळते.

स्वभाषाप्रेमी

‘मांड’ मलाही मान्य आहे. आपल्याच मातीत शब्द असताना बाहेर जावे लागत नाही, हेच मी म्हणत होतो.

अनुवादिका

लेख परवा छपाईला जाणार आहे आणि मला ‘पान’ नव्हे, ‘छुइमसे’ हवे आहे. फोंडेकर, मांडावर भोवती उभे असलेले लोक काही म्हणतात का?

फोंडेकर

शिगम्याच्या रोमटामेळात, म्हणजे नाचत-वाजवत निघणाऱ्या मिरवणुकीत, ढोल-ताशांबरोबर ‘ओस्सय, ओस्सय’ असा घोष चालतो आणि नाचणारे, वाजवणारे, बघणारे सगळेच तो करतात. लहान असताना मी वडिलांच्या खांद्यावर बसून तो केला आहे. त्याला आम्ही दाद म्हणत नाही, साथ म्हणत नाही आणि हुंकारही म्हणत नाही. ‘ओस्सय म्हणणे’ एवढेच म्हणतो.

मिरजेची श्रोती

तो जमावाचा घोष झाला. आजींनी हलक्या आवाजात एकट्याने म्हटलेला ‘जोथा’ त्यात कसा बसेल?