मुंबईहून आलेले कार्यालय आणि आपल्या इमारतीतील भाडेकरू

रेवाळे वहिनी, २०३: सर्वांना नमस्कार. काल रात्री सोसायटीच्या या ग्रुपवर असे लिहिले गेले की, मुंबईचे कार्यालय रत्नागिरीत आल्यापासून भाडी वाढली आणि जिन्यात अनोळखी माणसे दिसू लागली. ती अनोळखी माणसे म्हणजे आम्हीच आहोत. आमचा विभाग इकडे हलवताना आम्हाला कोणी विचारले नव्हते. घरभाडे भत्त्याची टक्केवारी मुंबईच्या एक तृतीयांशावर आली, यजमानांची नोकरी मात्र तिकडेच राहिली. शुक्रवारी रात्री ते कोकणकन्येने निघतात आणि पहाटे दार उघडता यावे म्हणून दहावीतली मुलगी गजर लावून झोपते. एवढे सोसून वर हे ऐकावे लागले, याचे वाईट वाटले.

सावंत, ४०२: वहिनी, तुम्हाला उद्देशून काहीही लिहिले नव्हते. माझ्या मुलाला लग्नानंतर याच इमारतीत जागा हवी होती आणि ३०५ बदलीवर आलेल्या माणसाला गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. पगारदाराशी भाड्याची बरोबरी इथला रिक्षावाला किंवा दुकानदार कशी करणार?

पाटणकर काकू, २०५: सावंतभाऊ, ३०५ चा विषय वार्षिक सभेत संपला होता. मालक मुंबईत असल्यामुळे तो फ्लॅट कित्येक वर्षे कुलूपबंद होता आणि त्याची ओल माझ्या स्वयंपाकघरात उतरत होती. तेव्हा मी याच ग्रुपवर फोटो टाकून थकले, पण कोणी उत्तर दिले नाही. आता तिथे माणसे राहतात आणि मेंटेनन्सही वेळेवर भरतात.

साळवी काका, १०१: मूळ प्रश्न बाजूला पडत आहे. कार्यालय आले म्हणजे नेमके काय आले? टेबले, कपाटे आणि लिपिक आले. सहीचा अधिकार मुंबईतच राहिला. मी महसूल खात्यात उमेदवारी करत असताना १ मे १९८१ रोजी आपल्या जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. तिकडच्या माणसांचे रत्नागिरीचे हेलपाटे वाचले, ते जिल्हाधिकारीच त्यांना मिळाले म्हणून. उलट आपले विभागीय आयुक्त आजही बेलापूरच्या कोकण भवनात बसतात आणि अपिलाच्या सुनावणीसाठी राजापूरच्या शेतकऱ्याला ३०० किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो.

भाटकर, ३०१: काकांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. राज्याचा किनारा ७२० किलोमीटरचा धरला, तर त्यातला सुमारे ४० टक्के रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात येतो, तरी मत्स्यव्यवसाय आयुक्त मुंबईत. मिरकरवाड्याच्या जेटीवर उभे न राहता गाळ किती साठला, हे कागदावरून कसे कळणार?

कुळकर्णी, ४०४: मग कोकणकन्येचा एक डबा आपल्या सोसायटीच्या नावावर करून घेऊ.

पाटणकर काकू, २०५: ती मुलगी पहाटे उठते हे वाचूनही तुम्हाला थट्टा सुचली, कुळकर्णी? आपणच दरवेळी विषय भरकटवता.

देसाई वकील, ३०२: साळवी काकांच्या मुद्द्याला एक ताजे उदाहरण जोडतो. १८ ऑगस्ट २०२५ रोजी उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि आपले दोन्ही जिल्हे त्याला जोडले गेले. आमचे पक्षकार आंबा घाट चढून जातात, कारण तिथे न्यायमूर्ती स्वतः बसून निकाल देतात. मात्र माणसे जबरदस्तीने हलवली की काय होते, हेही पाहावे. ऑस्ट्रेलियात कीटकनाशकांना परवानगी देणारी सरकारी संस्था राजधानी कॅनबेराहून आर्मिडेल या छोट्या शहरात नेली, तेव्हा अनेक अनुभवी शास्त्रज्ञांनी तिकडे जाण्याऐवजी नोकरीच सोडली आणि परवानग्यांची कामे रखडली. आपल्याकडे पती-पत्नी एकत्रीकरणाचा, म्हणजे दोघांना एकाच ठिकाणी नेमण्याचा, विचार कार्यालय हलवण्याच्या आदेशातच व्हायला हवा होता.

सावंत, ४०२: पण भाड्याचे काय, हे अजून कोणीच सांगितलेले नाही.

साळवी काका, १०१: पुन्हा सांगतो, सहीचा अधिकार मुंबईतच राहिला.

सचिव: सर्वांना विनंती आहे की, वैयक्तिक उल्लेख टाळावेत. ज्यांचे दोन-दोन फ्लॅट बंद आहेत, त्यांनी भाड्याबाबत बोलताना थोडा विचार करावा.

सावंत, ४०२: सचिव साहेब, हा उल्लेख वैयक्तिक नव्हे काय? त्यातला एक भावाच्या नावावर आहे आणि वाटणीचा दावा चालू आहे.

रेवाळे वहिनी, २०३: साळवी काका म्हणतात ते मी रोज पाहते. मंगळवारी गुहागरहून एक आजोबा प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून आले होते. 'साहेब इथे आले, आता काम इथेच होईल ना,' असे त्यांनी विचारले. त्यांच्या अर्जावर 'मुंबईस सादर' असे लिहिण्यापलीकडे मला काही करता आले नाही. साहेबांची खुर्ची आली आहे, साहेब आलेले नाहीत. निम्मी पदे रिक्त आहेत. रत्नागिरीत यायला माझी ना नव्हती, पण इथे आल्यावर इथल्या माणसाचे काम इथेच व्हावे, एवढी अपेक्षा होती.

भाटकर, ३०१: वहिनी, आपण सर्वांच्या सह्यांचे निवेदन पालकमंत्र्यांना देऊ. मजकूर देसाई वकिलांनी करावा.

सावंत, ४०२: माझी सही धरा. कर्मचाऱ्यांसाठी शासकीय निवासस्थाने दुरुस्त करून द्यावीत, ही मागणी त्यात असावी. म्हणजे शहरातल्या भाड्यांवरचा ताणही कमी होईल. वहिनी, कालचा संदेश मी काढून टाकला आहे.

साळवी काका, १०१: निवासस्थाने दुसऱ्या क्रमांकावर घ्यावीत. पहिली मागणी सहीच्या अधिकाराची.