जुने कोड यादीतून काढायचे की ठेवायचे?

खटपट्या: "आयएटीआयच्या कोडलिस्टमधले बाद कोड एकदाचे काढून टाका" असा सरळसोट यांचा सल्ला वाचला. (आयएटीआय म्हणजे मदतनिधीचा डेटा ठरावीक साच्यात जाहीर करण्याचं आंतरराष्ट्रीय मानक, कोडलिस्ट म्हणजे त्यात चालणाऱ्या कोडची यादी.) काढा की. झांबियाने २०१३ मध्ये क्वाचा या आपल्या चलनाची तीन शून्यं कापली आणि चलनाच्या कोडचं झेडएमकेचं झेडएमडब्ल्यू झालं. २०११ चे व्यवहार मात्र झेडएमकेतच नोंदलेले आहेत. तो कोड पुसलात की त्या फाइली व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे फाइल तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये, नापास. मग कोणी शहाणा नुसता कोड बदलून फाइल पुढे ढकलणार आणि रक्कम हजारपट फुगणार. बेलारूसच्या २०१६ च्या चलनबदलात तर दहा हजारपट! म्हणून कोड पुसत नाहीत, त्यावर 'विथड्रॉन' (मागे घेतलेला) असा शिक्का मारतात आणि तारीख टाकतात.

सरळसोट: बरं, सोयीचं उदाहरण निवडलंत. क्षेत्रांच्या, म्हणजे मदत कशासाठी दिली त्याच्या, कोडचं बोला. सौरऊर्जेचा २३०६७ कधीच बाद झाला. तरी ड्रॉपडाउनमध्ये कोड चढत्या क्रमाने लावले की तो २३२३० च्या वर येतो. भरणारा पहिला दिसेल तो घेतो. आज भरलेला डेटा जन्मतःच बाद. तुमचा शिक्का वाचतं कोण?

खटपट्या: फॉर्म बनवणाऱ्याच्या आळसाचं खापर यादीवर फोडू नका. फॉर्मला फक्त चालू कोड द्या, व्हॅलिडेटरला सगळे, आणि बाद झाल्यानंतरच्या तारखेला जुना कोड आला तर इशारा. राहिलं जुन्या डेटाचं. २३०६७ मध्ये वीज काय, पाणी तापवणं काय, सगळंच होतं. आता मुख्य ग्रिडला २३२३०, सुटे ग्रिड नि घरोघरचे संच २३२३१ मध्ये, उष्णतेचे उपयोग २३२३२ मध्ये. एकाचे तीन झाले, तर स्क्रिप्ट निवडणार कुठला? प्रकल्पाचं वर्णन माणसालाच वाचावं लागतं.

शून्यपूर्व: तुम्ही बसा सौर घेऊन. नामिबियाचा देश-कोड एनए आहे. पांडास या पायथनच्या लायब्ररीत सीएसव्ही उघडा, तो 'माहिती नाही' समजून रिकामा होतो, अवतरणचिन्हांत असला तरी. मग ग्रुपबाय (गटवार मोजणी) केलं की त्या ओळी गुपचूप गळतात. एरर नाही, काही नाही. अख्खा देश गायब!

सरळसोट: विषय काय, तुम्ही बोलताय काय?

तिरकस: आर या सांख्यिकीच्या भाषेतही तीच बोंब. आणि यामल या फाइल-स्वरूपाच्या जुन्या आवृत्तीत नॉर्वेचा एनओ अवतरणाशिवाय लिहिला की 'असत्य' होतो. देणगीदारच खोटा ठरला!

शून्यपूर्व: उपाय एका ओळीचा आहे. पांडासमधलं कीप_डिफॉल्ट_एनए हे सेटिंग फॉल्स करा आणि रिकामी जागा तेवढी वेगळी सांगा. पण लोक एकदा सांगून ऐकतील तर ना.

खटपट्या: त्यापेक्षा कोडलिस्ट एक्सएमएल किंवा जेसनमधूनच वाचा.

तिरकस: आणि एक्सेलवाल्यांनी काय करायचं, हिमालयात जायचं?

सरळसोट: नामिबियाचं श्राद्ध उरकलं असेल तर बोलू? कोड पुसू नका, घ्या, मान्य केलं, पेढे वाटा. पण बाद कोडच्या नोंदीत 'ऐवजी अमुक वापरा' एवढी ओळ टाकायला काय जातं?

खटपट्या: मागणी रास्त, पत्ता चुकला. क्षेत्रांची यादी ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या डीएसी या मदतविषयक समितीची. आयएटीआय तिची प्रत ठेवतं, मजकूर मनाने बदलला तर दोन्हीकडे दोन अर्थ होतील. तोवर बदली तक्ता आपापल्या रिपॉझिटरीत ठेवा: प्रकल्प क्रमांक, जुना कोड, नवा कोड, तारीख, कोणी ठरवलं. शेवटचा रकाना लोक हमखास गाळतात, मग २३२३१ का निवडला याचं उत्तर द्यायला कोणी उरत नाही.