मोसंबीला भोकं, पण अळी कुठेच नाही

बागायतदार_अंबड: अंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुललेलं पीक) रंगावर आलाय आन् रोज सकाळी झाडाखाली फळांचा सडा. सुई टोचल्यावानी बारीक भोक, दाबलं की रसाची चिळकांडी, भोवती मऊ तपकिरी चट्टा, आंबूस वास. कापून बघितलं, आत अळी नाही. दुकानदारानं दिलेली औषधं मारून झाली, फळगळ तशीच. काल पाचोळ्यात मोठी पाकोळी घावली. बसलेली असताना वाळकं पानच. उडाली तर आतले पंख भगवे, मधोमध काळा गोल ठिपका. हिचंच काम का?

रात्रपाळी: हिचंच. रस शोषणारा पतंग, युडोसिमा मटेर्ना. ठिपका वाकडा, स्वल्पविरामासारखा असता तर फॅलोनिया, म्हणजे याच कुळातला दुसरा पतंग, म्हटलं असतं. जुन्या पुस्तकांत हे सगळे ओथ्रेइस नावाने सापडतील. इतर पतंगांची सोंड मऊ, फुलातल्या मधापुरती. याची टोकाला टणक आणि काटेरी, थेट सालीत घुसते. पुढची नासाडी त्या भोकातून शिरणारी बुरशी करते.

फवारणीचे पैसे वाया का गेले, तर याची अळी मोसंबीवर वाढतच नाही. ती खाते गुळवेल आणि वसनवेल. पतंग अंधार पडला की बागेत येतो आणि दिवसा पान होऊन पडून राहतो. जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन फिरा, फळावर लाल चमकणारे डोळे दिसतील. तिथल्या तिथे पकडा.

बांधावरून: गळलेली फळं आधी उचलून पुरा, त्या वासावर आणखी येतात. दिवेलागणीला बागेत धूर करा. गूळ, व्हिनेगर आणि मॅलाथिऑन या कीटकनाशकाचं आमिषही ठेवतात. फक्त गुरं-कुत्री पोचणार नाहीत असं.

काढेवाली: गुळवेल उपटा म्हणू नका हो! कोविडपासून सासूबाईंचा काढा सुटलेला नाही.

रात्रपाळी: वहिनी, काढ्याची वेल राहू द्या, फक्त पानं उलटून बघत जा. गडद, मखमली अळी असते, कुशीवर डोळ्यांसारखे ठिपके. डिवचलं की डोकं आत दुमडते, शेपूट वर करते आणि ते खोटे डोळे वटारून बसते. चावत नाही, उचलून टाका.

बागायतदार_अंबड: वसनवेल आमच्याच कुंपणावर हाय, ती आज काढतो. गुळवेल मात्र शेजाऱ्याच्या कडुनिंबावर चढलीय. कडुनिंबावरची म्हणून तिला भाव, तो हात लावू देणार नाही. धूर संध्याकाळपासून चालू करतो. डाळिंबवाले फळांना पिशव्या घालतात, तसं मोसंबीला मजुरी धरून परवडतं का? कुणी केलंय?