३३ मिनिटंच का?

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या विज्ञानकथा मालिकेच्या '३३' भागात माणसांच्या जहाजांचा ताफा उडी मारून (क्षणात अंतराळात दूर जाऊन) निसटतो, आणि पाठलाग करणारे सायलॉन (माणसांचे शत्रू असलेले यंत्रमानव) दर वेळी त्याला गाठतात. ते बरोबर ३३ मिनिटांनीच का येतात, असा प्रश्न पडतो. मालिका कारण देत नाही, आणि ते बरंच आहे. हिशोब मात्र चोख आहे: २३७ उड्या गुणिले ३३ मिनिटं म्हणजे १३० तासांच्या वर. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं; ३३व्या मिनिटाला माणूस नुकताच गाढ झोपेत शिरलेला असतो. तेव्हा उठवलं की डोकं सुन्न. त्यातही पुढच्या उडीचे निर्देशांक काढायचे, सगळी जहाजं पोचली का ते मोजायचं, म्हणजे पाठ टेकायला मिळतातच किती? अशाच एका मोजणीत १,३४५ प्रवाशांचं ऑलिम्पिक कॅरियर हे जहाज गायब निघतं. शेवटी वाचलेल्या माणसांचा आकडा लिहिलेल्या फळ्यावर राष्ट्राध्यक्ष रॉझलिन शेवटचा २ पुसून ३ लिहिते (४७,९७३), तो शॉट पुन्हा बघा.