ओटमील कुकी मऊ आणि चिवट राहावी म्हणून तुम्ही काय करता?

ओटमील कुकीच्या पाककृती हव्या तेवढ्या मिळतात आणि बहुतेक सगळ्या एकमेकींच्या बहिणी असतात. तरीही त्याच प्रमाणाने एका घरी कडक बिस्किटं होतात, दुसऱ्या घरी फुगीर केक होतो आणि तिसऱ्या घरी नेमकं हवं ते जमतं: कडा किंचित कुरकुरीत, मधला भाग दाताला जरा धरून ठेवणारा, आणि दुसऱ्या दिवशीही मऊ. म्हणून विनंती अशी की इथे अख्खी पाककृती लिहू नका. काय बदललंत आणि त्याने काय झालं, तेवढं लिहा.

बोलायला सोयीचं म्हणून माझं प्रमाण देते. बिनमिठाचं लोणी ११५ ग्रॅम, ब्राउन शुगर ११० ग्रॅम, पांढरी साखर ५० ग्रॅम, एक अंडं, मैदा ९५ ग्रॅम, रोल्ड (वाफवून चपटे केलेले) ओट्स १२० ग्रॅम, अर्धा टीस्पून खायचा सोडा, पाव टीस्पून मीठ, दालचिनी आणि व्हॅनिला आवडीप्रमाणे, मूठभर बेदाणे. ओव्हन १८० अंश सेल्सिअसला, १० ते १२ मिनिटं.

माझ्यापुरता सगळ्यात मोठा फरक साखरेने पडला. ब्राउन शुगरमध्ये मोलॅसिस (साखर काढल्यावर उरणारा गडद, घट्ट पाक) असतं, ते ओलावा धरून ठेवतं. पांढऱ्या साखरेने कुकी जास्त पसरते आणि कुरकुरीत होते. सगळी ब्राउन शुगर घालूनही पाहिली, पण मग कडा कुरकुरीत होत नाहीत आणि मोलॅसिसची चव ओट्सवर कुरघोडी करते. दोन भाग ब्राउन, एक भाग पांढरी, इथे मी थांबले. घरात ब्राउन शुगर नसेल तर २०० ग्रॅम पांढऱ्या साखरेत एक टेबलस्पून मोलॅसिस बोटांनी चोळून घ्या, काम होतं.

*

साखर महत्त्वाची आहे, पण त्याआधी मैदा मोजता कसा ते सांगा. तुम्ही ग्रॅममध्ये दिलंत म्हणून बरं वाटलं. कप पिशवीत खुपसून भरला की १५० ग्रॅमपर्यंत मैदा बसतो, चमच्याने अलगद भरून वर सुरी फिरवली की १२० ते १२५. म्हणजे 'एक कप' म्हणता म्हणता पाव कप मैदा जास्त गेला. तो जास्तीचा मैदा पाणी पिऊन बसतो आणि कुकी कोरडी होते. मग लोक साखरेला आणि ओव्हनला दोष देत बसतात. वजनकाटा आणल्यापासून आमच्याकडे हा प्रश्नच उरला नाही. इतर उपाय त्यानंतर.

*

माझा मुद्दा पीठ मुरवण्याचा. कालवलेलं पीठ निदान अर्धा तास तरी फ्रिजमध्ये ठेवते, जमलं तर रात्रभर. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, तो पाणी शोषून घट्टसर जेलसारखा होतो. मैद्यात ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, असतं तसं ओट्समध्ये नसतं, त्यामुळे चिवटपणाचा बराच भार या जेलवर असतो असं माझं मत. ओट्सना पाणी प्यायला वेळच दिला नाही तर ते भट्टीत गेल्यावर कुकीतला ओलावा ओढून घेतात आणि स्वतःही नीट मऊ होत नाहीत.

दुसरा फायदा म्हणजे लोणी थंड होऊन घट्ट होतं, त्यामुळे कुकी ट्रेवर भसकन पसरत नाही, जाड राहते. जाड कुकीचा मधला भाग उशिरा वाळतो. रात्रभर मुरलेल्या पिठाचा रंगही जास्त खमंग येतो. एकच सूचना: गोळे आधी वळा आणि मग फ्रिजमध्ये ठेवा. आख्खा लगदा थंड केलात तर सकाळी चमचा वाकेल.

*

रात्रभर वाट बघण्याइतका धीर ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी: लोणी फेटू नका, वितळवा.

मऊ लोणी साखरेबरोबर फेटलं की त्यात हवा भरते आणि कुकी केकाच्या अंगाने जाते. वितळलेल्या लोण्यात ती हवा नसते. शिवाय लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं. वितळल्यावर ते मैद्याला मिळतं आणि थोडं ग्लुटेन तयार होतं, म्हणजे चावायला काहीतरी राहतं. वितळवल्यावर कोमट होऊ द्या, गरम लोण्यात अंडं घातलंत तर त्याची भुर्जी होईल. मैदा घातल्यावर मात्र हात आवरता घ्या. पीठ एकजीव झालं की बास.

मुरवायला माझा विरोध नाही. पण वितळलेल्या लोण्याच्या पिठाला नुसतं ओट्यावर पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवलं तरी ते गोळे वळण्याइतकं घट्ट होतं, आणि खाणारे दारात उभे असताना तेवढं पुरतं.

*

वरच्या दोघांनाही एक जोड. एका अख्ख्या अंड्याऐवजी दोन पिवळे बलक घालून बघा. पांढऱ्या भागात पाणी आणि प्रथिनं; त्याने कुकी फुगते आणि लवकर कोरडी पडते. बलकात स्निग्धांश असतो आणि स्निग्धांश-पाणी एकत्र धरून ठेवणारं लेसिथिनही, त्यामुळे पीठ गुळगुळीत होतं आणि कुकी दाट, मऊ राहते. उरलेल्या पांढऱ्याचं काय करायचं हा प्रश्न मात्र मी अजून सोडवलेला नाही.

*

बिनअंड्याच्या करते. एका अंड्याऐवजी एक टेबलस्पून जवसाची पूड आणि तीन टेबलस्पून पाणी, दहा मिनिटं भिजवून. ते मिश्रण बुळबुळीत होतं, आणि चिवटपणासाठी मला ते अंड्यापेक्षाही आवडतं. पण अंड्याची प्रथिनं उष्णतेने घट्ट होऊन कुकीला बांधून ठेवतात, ते इथे होत नाही. म्हणून गरम असताना बिनअंड्याची कुकी फार नाजूक असते. उचलायला गेलात तर हातात तुकडे येतील. ट्रे बाहेर काढून दहा-बारा मिनिटं हातही लावू नका. गार झाली की छान धरते.

*

साखर, लोणी, अंडं सगळं झालं, आता मुख्य गुन्हेगाराकडे या. बहुतेक कडक कुकीज जास्त भाजल्यामुळे कडक झालेल्या असतात, बाकी काही नाही.

बाहेर काढायची वेळ ही: कडा सोनेरी आणि घट्ट, मधला भाग फिका, थोडा ओलसर, बघताना 'कच्चंच आहे' असं वाटणारा. तेव्हाच काढायच्या. ट्रे तापलेला असतो, त्यावर पाच मिनिटं ठेवल्या की आत शिजणं चालूच राहतं. मग जाळीवर. मधोमध तपकिरी दिसेपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर ती कुकी टणक होणारच, कुठल्याही साखरेने ती वाचणार नाही.

आणि ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका. छोटा ओव्हन थर्मामीटर आत टांगून ठेवल्यावर कळलं की आमचा ओव्हन १८० सांगतो आणि २०० च्या आसपास असतो. आतल्या पंख्यावर चालणारा ओव्हन असेल तर पाककृतीपेक्षा साधारण २० अंश कमी ठेवा. ट्रे गडद रंगाचा असेल तर बूड लवकर करपतं, तेव्हा एखादं मिनिट आधीच डोकावा. ट्रेला लोणी फासण्यापेक्षा बेकिंग पेपर बरा. लोण्यावर कुकी घसरत पसरते.

*

ओट्स कुठले घेता याबद्दल कुणीच नीट बोललं नाही! झटपट शिजणारे बारीक ओट्स पाणी पटकन पितात आणि कुकीत हरवून जातात. पोत एकसारखा, जरा पिठूळ. रोल्ड ओट्सचे अख्खे पापुद्रे दाताखाली येतात. स्टील-कट, म्हणजे नुसते तुकडे केलेले जाड ओट्स, मात्र नकोत, तेवढ्या वेळात ते शिजतच नाहीत, खड्यासारखे लागतात. घरात फक्त झटपट ओट्स असतील तर दोन चमचे मैदा कमी करून पाहा.

*

बेदाणे गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा, निथळा, फडक्याने टिपा, मग घाला. कोरडे घातले तर ते पिठातलाच ओलावा ओढतात. टिपायला विसरू नका, नाहीतर पीठ सैल होतं. एवढंच.

*

आमच्या घरात एकाला सिलिअॅक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) आहे, म्हणून मैद्याच्या जागी ओट्सच मिक्सरमध्ये दळून वापरते, वजनाला तेवढंच. ओट्समध्ये गव्हाचं ग्लुटेन नसतं, पण शेतात, गिरणीत किंवा पॅकिंगच्या ठिकाणी गहू मिसळतो. म्हणून पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेलेच ओट्स घ्यावे लागतात. काही सिलिअॅक रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. कुकी म्हणाल तर जरा भुरभुरीत होते. पीठ तासभर मुरवलं आणि एक बलक जास्त घातला की बरीच सुधारते. मुरवण्याचा मुद्दा ज्यांनी मांडला त्यांना माझं मत, कारण ग्लुटेनच नसेल तेव्हा ते जेलच सगळं सांभाळतं.

*

सोड्याऐवजी बेकिंग पावडर चालेल का? माझ्याकडे तेवढीच आहे.

*

चालेल, पण कुकी वेगळी होईल. सोड्याला आंबट काहीतरी लागतं, ते काम ब्राउन शुगरमधलं मोलॅसिस करतं. सोड्याने पीठ अल्कलीकडे झुकतं, त्यामुळे रंग चांगला चढतो आणि कुकी पसरते. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच घातलेलं असतं. तिने कुकी वर फुगते, फिकी आणि केकसारखी होते. ताकदही कमी, म्हणजे अर्ध्या टीस्पून सोड्याच्या जागी दीड टीस्पून पावडर लागेल. मी असते तर सोडा आणून मगच केल्या असत्या.

*

पहिल्या दिवशी सुरेख, तिसऱ्या दिवशी खुळखुळा, असं होणाऱ्यांसाठी. पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा; कोमट भरल्या तर वाफ धरून वरून चिकट होतात. हवाबंद डब्यात पावाची एक स्लाइस टाकून ठेवा. कुकीतली साखर पावातला ओलावा ओढते. दुसऱ्या दिवशी पाव वाळलेला आणि कुकी मऊ. कडक झालेली कुकी मायक्रोवेव्हमध्ये आठ-दहा सेकंद फिरवली की मऊ होते, पण लगेच खा, गार झाल्यावर पूर्वीपेक्षा टणक होते.

खरं तर साठवायची कुकी नाही, पीठ. गोळे ट्रेवर सुटे गोठवून मग पिशवीत भरते आणि हवे तेवढेच भाजते. थेट फ्रीझरमधून, वितळवायची गरज नाही, एक-दोन मिनिटं जास्त.

*

गोळे ट्रेवर ठेवताना थोडे चपटे करता का? आणि पिठाची चव बघितली तर चालते ना, आमच्याकडे वाडग्यापाशी रांग लागते.

*

गोठवलेले असतील तर चपटे होणारच नाहीत, तसेच जाऊ द्या. फ्रिजमधले असतील तर तळव्याने हलकेच दाबा, कारण ओट्स जास्त असलेलं थंड पीठ आपणहून फारसं पसरत नाही, ढेकळासारखं उभं राहतं.

चवीचं मात्र नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कच्चा मैदाही भाजलेला नसतो, त्यातूनही जंतू पोटात जाऊ शकतात. म्हणजे बिनअंड्याच्या पिठालाही तोच नियम. रांगेतल्यांना भिजवलेले बेदाणे द्या.