पान चुरगळलं की लिंबासारखा वास येणारं जंगलातलं झुडूप: ओळख हवी आहे

रानवाट:
नमस्कार. सदाहरित जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत हे झुडूप दिसलं. उंची डोक्याच्या जरा वर, काटे अजिबात नाहीत. पानं गडद हिरवी, एका देठावर कुठे तीन तर कुठे पाच पर्णिका, म्हणजे एकाच पानाची छोटी पाती. चुरगळलं की लिंबाच्या पानासारखा वास. फुलं पांढरी पण फारच बारीक, फळं फिकट गुलाबी. सोबतचे म्हणाले, कुंती आहे. मला पटत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

पानफुटी:
मलाही कुंतीच वाटते. वास, संयुक्त म्हणजे अनेक पर्णिकांचं पान, सावलीतली वाढ, सगळं जुळतंय. कढीपत्ता तर नाहीच. त्याच्या एका पानात खूप जास्त पर्णिका असतात आणि फळ पिकून काळं होतं.

देवराई:
कुंती नाही. वर्णनावरून हा किरमिरा, शास्त्रीय नाव ग्लायकॉस्मिस पेंटाफायला.

वासावरून फक्त कूळ कळतं. कुंती, कढीपत्ता, माकडलिंबू, किरमिरा ही सगळी रुटेसी, म्हणजे लिंबाच्या कुळातली. पान उजेडाकडे धरा, सुईनं टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. चुरगळल्यावर त्या फुटतात, म्हणून वास येतो. पण ठिपके या सगळ्यांनाच असतात, तेव्हा इथून पुढे नाकाचा उपयोग नाही. शेंडा बघा.

किरमिऱ्याच्या टोकाची न उलगडलेली पालवी गंजाच्या रंगाच्या बारीक लवेनं झाकलेली असते. भिंग असेल तर उत्तमच, पण रंग नुसत्या डोळ्यांनाही कळतो. मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते, कारण फुलं-फळं हंगामातच सापडतात, शेंडा कधीही बघता येतो.

फुलांचंही तुम्ही बरोबर हेरलंत. कुंतीची पाकळी सेंटीमीटरहून मोठी, मागे वळलेली. किरमिऱ्याची जेमतेम ४ मिलिमीटर, फुलं गुच्छात दाटीवाटीनं. पाच पाकळ्या आणि १० पुंकेसर दोघांनाही, त्यामुळे मोजत बसू नका. त्यापेक्षा कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या मधोमध अंडाशयावरचा दांडा, पाहा: कुंतीचा लांब आणि नंतर गळून पडणारा, किरमिऱ्याचा आखूड, जाडसर आणि टिकून राहणारा. फळात तर गोंधळाला जागाच नाही. कुंतीचं लालभडक आणि लांबट, याचं गुलाबी, गोलसर, जवळजवळ आरपार दिसेल असं.

रानवाट:
शेंड्याचा फोटो मोठा करून पाहिला. तांबूस लव आहे! पण एक शंका. त्याच फांदीवर एकच पातं असलेलं पानही आहे. ते कसं?

देवराई:
वा! मग किरमिराच.

एकापासून पाचापर्यंत पर्णिका एकाच झुडपावर मिळतात. एकच पातं असेल तिथे देठ आणि पातं जुळतात ती जागा निरखा, सांधा दिसेल. साध्या पानाला तो नसतो. हे संयुक्त पानच आहे, बाकीच्या पर्णिका आलेल्या नाहीत इतकंच.

पानफुटी:
छान माहिती. याचा औषधी उपयोग असतो असं ऐकलंय, पानं आणून पाहावीत का?

देवराई:
कृपया नको. पारंपरिक वापर आहे हे खरं, पण या झुडपात आर्बोरिनसारखी अल्कलॉइडं, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी रसायनं असतात. ओळख पटली म्हणून घरच्या घरी प्रयोग करू नयेत. शिवाय ब्लू मॉरमॉन हे फुलपाखरू, म्हणजे आपली राणी पाकोळी, याच्यावर अंडी घालते. लहान सुरवंट पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसतात, सहज नजरेतून सुटतात. पानं ओरबाडली तर तेही जातात.

रानवाट, पुन्हा गेलात तर पानाची खालची बाजू, फुलोरा आणि पट्टी शेजारी धरून फळ, एवढे फोटो टाका. शेंडा खुडू नका, फांदीवरच टिपा.