बायोप्सीत 'मायकोसिस फंगॉइड्सची शक्यता' आलंय, पुढे काय?

यंत्रमागवाली
नमस्कार. आमच्या ह्यांना (वय 46, इचलकरंजीत मागावर कामाला) कमरेला, कुल्ल्यांवर आणि मांड्यांना सात-आठ वर्षांपासून फिकट चट्टे आहेत. आधी गजकर्ण म्हणाले, मग इसब, मग कोड. मेडिकलवाला देईल ती ट्यूब लावायची, चट्टे दबतात, बंद केली की महिन्याभरात परत हजर. आता कोल्हापूरच्या एका डॉक्टर बाईंनी पंच बायोप्सी केली, म्हणजे कातडीचा बारीक गोल तुकडा तपासायला काढला. रिपोर्टमध्ये 'मायकोसिस फंगॉइड्सची शक्यता, लक्षणांशी ताडून पाहावे' एवढंच. त्या म्हणतात, अजून दोन जागचे तुकडे घ्यायचे. दिरांनी मोबाईलवर शोधलं, 'लिम्फोमा', म्हणजे एक कॅन्सर, असं वाचलं आणि घरात रडारड. सासूबाई म्हणतात नावातच फंगस आहे, फंगसची गोळी द्या. हे तर ताट-वाटी वेगळी घेऊन जेवायला लागलेत. एकदा तुकडा घेतला ना, मग परत कशाला? आणि केमो लागणार का?

हाफतिकीट
ताई, आधी त्यांना पंगतीत आणून बसवा. हे लागण होणारं दुखणं नाही.

मी एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर. माझे चट्टे 2008 पासूनचे, निदान झालं 2014 ला. मधल्या काळात मी कुष्ठरोगाच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्ससुद्धा इमानदारीत पुरा केला. चट्ट्यावर कापूस फिरवला की मला व्यवस्थित कळायचं, तरीही. राग गोळ्यांचा नाही, राग याचा की सहा वर्षांत एकाही डॉक्टरनं मला विजार काढायला सांगितली नाही. सगळे दंडावरचा एक डाग बघायचे आणि चिठ्ठी लिहायचे. ज्या मॅडमनी ओळखलं त्यांनी पडदा ओढला, सगळे कपडे उतरवायला लावले आणि म्हणाल्या, 'ऊन लागत नाही तिथंच जास्त आहे की हे!' तिथून गाडी रुळावर आली.

माझंही पहिल्या दोन बायोप्सीत काही सापडलं नव्हतं. तिसऱ्या वेळी मॅडमनी चार आठवडे ट्यूब बंद ठेवली. खाजेनं जीव गेला, पण तेव्हाच सापडलं. नंतर बायकोचा नाही, माझाच तळहात बोटांसकट चट्ट्यांवर मांडून मोजलं. आपला एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. माझे भरले सहा. दहाच्या आत आणि नुसते सपाट चट्टे, म्हणजे पहिली पायरी. या पायरीवरची बहुतेक माणसं इतरांइतकीच जगतात, असं मॅडमनी सांगितल्यावर मी बाहेर येऊन आधी चहा प्यायलो.

उपचार म्हणजे लाइट थेरपी. कपाटाएवढी पेटी, आत चारी बाजूंनी उभ्या नळ्या, डोळ्यांना काळा गॉगल, नाजूक जागा झाकायची आणि उभं राहायचं. सुरुवातीला अर्धं मिनिटसुद्धा नाही, मग हळूहळू वाढवतात. आठवड्यातून तीन खेपा. पाच महिन्यांत अंग एकसारखं झालं. दोन वर्षांनी चट्टे परत आले, परत पेटीत उभा राहिलो. केमोचं नाव कुणी काढलं नाही.

स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे असे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासते. परत तुकडा मागणं हा डॉक्टरांचा चांगुलपणा समजा. लिम्फोसाइट, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, इसबातही जमतात. इथे फरक एवढाच की त्या पेशी त्वचेच्या वरच्या थरात चढतात आणि तळाशी ओळीनं बसतात, तीही आजूबाजूला फारशी सूज नसताना. सुरुवातीला त्या इतक्या थोड्या असतात की पंच अर्धा इंच इकडेतिकडे गेला तर हुकतात. आणि स्टिरॉइडची ट्यूब चालू असेल तर त्याच पेशी पांगतात, स्लाइडवर मला साधा इसब दिसतो.

मग आयएचसी करतो, म्हणजे पेशींना रंगाचे मार्कर लावतो. सीडी 7 हा या पेशींवरचा एक मार्कर गायब झालेला दिसला तर संशय बळावतो. फिकट चट्ट्यांच्या प्रकारात बऱ्याचदा सीडी 8 हा दुसरा मार्कर असलेल्या पेशी निघतात. हा प्रकार आपल्यासारख्या सावळ्या कातडीत जास्त दिसतो आणि सहसा सावकाश चालतो. टीसीआर, म्हणजे टी-पेशींच्या रिसेप्टरची जनुक तपासणी सगळ्या पेशी एकाच मूळ पेशीच्या आहेत का ते सांगते, पण तिच्या एकटीच्या भरवशावर निदान करू नये.

सासूबाईंना सांगा, बुरशीचा काही संबंध नाही. फ्रान्सच्या आलिबेर या डॉक्टरांनी 1806 साली पाहिलेल्या रुग्णाच्या गाठी अळंब्यांसारख्या होत्या, ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

केमोबद्दल: अमेरिकेत 103 रुग्णांवर सुरुवातीलाच जोरदार केमो आणि इलेक्ट्रॉन बीमचं रेडिएशन देऊन पाहिलं होतं. 1989 ला निकाल छापून आला. हळू, पायरीपायरीनं उपचार केलेल्यांपेक्षा ती माणसं जास्त जगली नाहीत, त्रास मात्र जास्त झाला. म्हणून चट्टे आहेत तोवर मलम आणि लाइट. आजार वाढला तर मेथोट्रेक्सेट, इंटरफेरॉन ही औषधं, रेडिएशन वगैरे. उंचवटे, गाठी, जखमा, काखेत-जांघेत गोळे किंवा अंगभर लाली आली तर मात्र थांबू नका. तेव्हा रक्ताची फ्लो सायटोमेट्री (रक्तातल्या पेशी मार्करनं ओळखायची तपासणी) आणि स्कॅन लागतं. परळला टाटाला किंवा आणखी कुठं दुसरं मत घ्यायचं झालं तर नुसता कागद नेऊ नका, लॅबमधून ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

यंत्रमागवाली
ट्यूबवर क्लोबेटासॉल लिहिलंय, म्हणजे स्टिरॉइडच. आणि हे बायोप्सीच्या आदल्या रात्रीपर्यंत लावत होते! डॉक्टरांना आत्ताच फोन केला, त्यांनी तारीख चार आठवडे पुढे ढकलली. खाजेचं काय करू?

हाफतिकीट
अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल, दिवसातून दोनदा. खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून. आणि ट्यूब लपवा. मी माझी स्वतःच शोधून काढली होती, बायकोनं तांदळाच्या डब्यात पुरलेली.